‘असू दे’चं ओझं

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. परदेशात राहणारी आपण मराठी माणसं मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा गरजेच्या निदान दुप्पट सामान बांधतो. त्या सामानानं सोय होत नाही. गाडीचा तोल बिघडतो, चालवणारा थकतो, खिसा रिकामा होतो, आणि ज्याच्याकडे मोठी गाडी नाही तो घरी बसतो. याला मी हौस म्हणायला तयार नाही. ही एक वाईट सवय आहे आणि ‘पूर्वतयारी’ असं भारदस्त नाव देऊन आपण ती जपतो आहोत.

मी जर्मनीत, ग्योटिंगेनमध्ये पोस्टडॉक आहे. वाळू, खडी, धान्य असे कणांचे ढीग कसे वागतात यावर माझं संशोधन चालतं. पाच वर्षं पाचशे सीसीची एक साधी गाडी चालवते आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, आणि ही माहिती पुढे उपयोगी पडणार आहे. इथल्या मराठी मोटरसायकलवाल्यांचा एक अनौपचारिक गट आहे. उन्हाळ्यात कधी आल्प्स, कधी डॉलोमाइट्स, आणि यंदा थेट नॉर्वेचं उत्तर टोक, नॉर्डकाप. इथून एका बाजूचं अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास. सहलीआधी गटात एक यादी फिरते, ‘सोबत आणायच्या वस्तू’. यंदाच्या यादीत ७४ वस्तू आहेत. त्यात घडीची खुर्ची आहे, पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन आहे, तीन लिटरचा कुकर आहे आणि माणशी दोन टॉर्च आहेत. सहल जून महिन्यात आहे. नॉर्डकापला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. दोन टॉर्च!

मी हे गटात बोलून दाखवलं, तेव्हा यादी करणाऱ्या काकांनी प्रेमानं उत्तर दिलं, “अगं, असू दे. लागलं तर?” या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. काकांशी नाही.

आधी यंत्राबद्दल बोलू, कारण तिथे मतभेदाला फारशी जागा नाही. प्रत्येक मोटरसायकलला एकूण वजनाची कमाल मर्यादा असते. गाडी, इंधन, माणसं, कपडे, सामान, सगळं त्यात आलं. जर्मनीत ती नोंदणीपत्रावरच छापलेली असते, एफ-१ या रकान्यात. आमच्या गटातल्या किती जणांनी तो रकाना पाहिला असेल? मी विचारलं. बहुतेकांना तो माहीत नव्हता, आणि यात अशी मंडळी आहेत जी टीव्ही घेताना चार दिवस तक्ते बनवतात.

एक हिशोब मांडते. या वर्गातली सर्वांत मिरवली जाणारी गाडी घेऊ, बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस. इंधनासह तिचं वजन २४९ किलो, आणि एकूण मर्यादा ४६५. हातात राहिले २१६ किलो. चालवणारा ८५ किलोचा, मागे बसणारी ६५ किलोची, आणि हेल्मेट, जाकीट, बूट मिळून प्रत्येकी १० किलो. झाले १७०. उरले ४६. आता दोन बाजूंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मागची टॉपबॉक्स आणि त्या अडकवायच्या सांगाड्याचं रिकामं वजन सहज २० किलोच्या घरात जातं. उरले २६. इंजिनाभोवतीचे गार्ड आणि जादा दिवे नंतर बसवले असतील तर तेही यातूनच वजा करा. म्हणजे बाजारातल्या अशा दणकट गाडीवरसुद्धा दोन माणसांचं तीन आठवड्यांचं सामान पंचवीस किलोच्या आत बसवावं लागतं. कुकर, खुर्च्या आणि पेट्रोलचा कॅन त्यात कुठे बसवायचा ते काकांनी सांगावं.

मर्यादा ओलांडली तर गाडी लगेच मोडते असं नाही, आणि धोका तिथेच आहे. ती चालत राहते, फक्त वेगळी चालते. ब्रेकचं बघा. घर्षणाच्या पुस्तकी नियमानं वजन वाढलं म्हणून थांबायचं अंतर वाढायला नको, असा युक्तिवाद एका इंजिनियर मित्रानं केला. नियम बरोबर, निष्कर्ष चूक. ब्रेकला जिरवायची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. आल्प्सच्या लांब उतारावर ती उष्णता कुठेतरी जावी लागते. मागचं सस्पेन्शन दबून बसतं, दिव्याचा झोत रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि कमी हवेचा टायर तापतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कुठे ठेवलंय. समजा टॉपबॉक्समध्ये पंधरा किलो सामान आहे आणि तिचा मध्य मागच्या चाकाच्या आसामागे तीस सेंटिमीटरवर आहे. दोन चाकांमधलं अंतर १.४५ मीटर. शाळेतला तरफेचा नियम लावा. मागच्या चाकावर १५ नाही, १८ किलोचा भार येतो, आणि पुढच्या चाकावरचा ३ किलो कमी होतो. वळायचं काम पुढचं चाक करतं, आणि त्यालाच आपण जमिनीवरून उचलायला निघालो आहोत. वेगात गाडीची शेपूट डोलायला लागते, खडीवर पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटतं. अनेक टॉपबॉक्सच्या झाकणाच्या आत एक लहानसा स्टिकर असतो. कमाल वजन पाच किंवा दहा किलो, आणि कमाल वेग अमुक. तो स्टिकर वाचायला पेटी रिकामी करावी लागते, आणि आपली पेटी कधी रिकामी नसते.

मग ही सवय आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण लडाख. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात लांबचा मोटरसायकल प्रवास म्हणजे मनाली ते लेह. टांडीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ असा फलक असायचा. त्याच्याशेजारी फोटो काढला नाही तर प्रवास झाला असं कोणी मानायचं नाही. तिथे जादा पेट्रोल नेणं शहाणपणाचं होतं. पण तिथलाही हिशोब करा. हिमालयन ४११ची टाकी पंधरा लिटरची. ओझं आणि चढण धरून लिटरला पंचवीस किलोमीटर पकडले तरी ३७५ किलोमीटर होतात. थोडीशी जोखीम आहे, म्हणून दोन लिटरची बाटली घ्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे कॅन लटकवलेली जी छायाचित्रं आपण पाहतो, त्यातला निम्मा भाग छायाचित्रासाठीच असतो. आणि आता आपण युरोपात आहोत. उत्तर नॉर्वेत वस्ती विरळ आहे हे खरं, पण अल्टा ते होनिंग्सवोग अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्हीकडे पंप आहेत. माझी गाडी एका टाकीत चारशेहून जास्त जाते. लडाखचा धडा आपण पाठ केला, पण तो कुठल्या रस्त्यासाठी होता हे विसरलो.

दुसरं ठिकाण म्हणजे विमानतळ. देश सोडताना आपण प्रत्येकानं २३ किलोच्या दोन बॅगा स्नानगृहातल्या वजनकाट्यावर चढवल्या-उतरवल्या आहेत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, क्रोसिनची पाकिटं, सगळ्या पदव्यांच्या साक्षांकित प्रती. त्या वेळी ते रास्त होतं. पुढे काय मिळेल, कोण भेटेल, काही माहीत नव्हतं. पण त्या बॅगेनं आपल्याला एक धडा दिला, की मर्यादा २३ असेल तर २२.९ भरायचेच. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. आज दहा-पंधरा वर्षं या देशांत राहून, भाषा शिकून, कर भरून, मुलांना इथल्या शाळेत घालूनही आपण प्रवासाला निघताना पहिल्या दिवसासारखेच निघतो. जणू वाटेत दुकान नाही, दवाखाना नाही आणि शब्द ऐकून घेणारं माणूस नाही. होनिंग्सवोग हे नॉर्डकापच्या अलीकडचं गाव. तिथे पोचायला समुद्रसपाटीखाली २१२ मीटर जाणाऱ्या, जवळपास सात किलोमीटरच्या बोगद्यातून जावं लागतं. तिथेही सुपरमार्केट आहे. फक्त रविवारी मोठी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवायचं. म्हणजे एका दिवसाचं खाणं सोबत असलं की झालं. तीन आठवड्यांचा चिवडा न्यायचं कारण नाही.

या भीतीवर एक अख्खा धंदा उभा आहे. इथल्या एका दुकानात मी पाठीमागे बांधायची पिशवी घ्यायला गेले होते. विक्रेत्यानं नॉर्डकाप हा शब्द ऐकला आणि मला पेट्यांचा, सांगाड्याचा, जादा दिव्यांचा आणि गरम होणाऱ्या बनियनचा हिशोब मांडून दिला. तो आकडा माझ्या सेकंडहँड गाडीच्या किमतीच्या निम्मा होता. वर माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, “खरं तर यासाठी तुम्हाला मोठीच गाडी लागेल.” हे वाक्य नीट ऐका. जास्त सामान घ्या, मग ते न्यायला मोठी गाडी घ्या, मग मोठ्या गाडीवर जागा आहे म्हणून आणखी सामान घ्या.

या धंद्याची जाहिरात ज्या मालिकेनं जगभर केली ती म्हणजे २००४ सालची ‘लाँग वे राउंड’. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले, बीएमडब्ल्यूच्या भल्यामोठ्या गाड्यांवरून. मालिका मजेदार आहे, मीही आवडीनं पाहिली. पण तिच्यातला एक भाग कोणी आठवत नाही. मंगोलियात त्यांच्या छायाचित्रकाराच्या तशाच लादलेल्या गाडीची चासी तुटली. मग त्यानं काय केलं? स्थानिक बाजारातून एक साधी रशियन मोटरसायकल विकत घेतली आणि पुढचा रस्ता तिच्यावर काढला. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांचा खप ज्या मालिकेनं वाढवला, तिच्यातच त्या पेट्यांवरची सर्वांत चांगली टीका आहे. शिवाय त्या दोघांमागे मदतीच्या जीप होत्या. आपल्यामागे कोण आहे?

आता त्यांच्या आधीच्यांकडे पाहा. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून डग्लस मोटरसायकलवर निघाला आणि तेव्हाच्या हिंदुस्थानातून जात पूर्वेला टोकियोपर्यंत पोचला. त्यानं चित्रीकरणाचा कॅमेरा आणि फिल्म वाहून नेली, कारण त्याला चित्रीकरण करायचं होतं. टेड सायमन १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर फिरला, सुमारे एक लाख किलोमीटर, ४५ देश, त्यात भारतही आला. लोइस प्राइस या ब्रिटिश बाईनं २००३ साली अलास्का ते दक्षिण अर्जेंटिना हा प्रवास २२५ सीसीच्या यामाहावर केला. या तिन्ही गाड्या आजच्या दुकानदाराला दाखवा. नॉर्वेला जायला अपुऱ्या आहेत म्हणेल.

उलट बाजूचंही एक उदाहरण मुद्दाम देते. एल्सपेथ बिअर्ड ही आर्किटेक्चरची विद्यार्थिनी १९८२ ते १९८४ या काळात जुन्या बीएमडब्ल्यूवर जगभर फिरली. सिडनीत असताना तिनं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला घड्या पाडून, रिव्हेट मारून कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः बनवल्या. तिला दोन वर्षांच्या प्रवासात कुलूप हवं होतं, ती गरज तिनं ओळखली आणि भागवली. पेट्यांना माझा विरोध नाही. आपली गरज दुसऱ्याच्या कॅटलॉगमधून शोधण्याला आहे.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं? ज्यांना मोठी गाडी झेपते ते नाही. आमच्या गटात गेल्या दोन वर्षांत तीन जणी विचारपूस करायला आल्या. दोघी मास्टर्सच्या विद्यार्थिनी, एक नर्स. तिघींकडे लायसन्स होतं, एकीकडे ३०० सीसीची गाडीही होती. ७४ वस्तूंची यादी पाहिली आणि तिघी परत आल्या नाहीत. नर्स मला म्हणाली, “ताई, एवढं सामान घ्यायला माझी गाडी पुरणार नाही आणि एवढं विकत घ्यायला माझा पगार.” भरलेली २४९ किलोची गाडी पार्किंगच्या उतारावर कलली तर पाच फूट दोन इंचाची व्यक्ती ती सावरू शकत नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतच नसतात. माझी गाडी पडली तर मी पाठ टेकवून, पायांच्या जोरावर एकटी उभी करू शकते, आणि लांबच्या रस्त्यावर माझं स्वातंत्र्य या एका गोष्टीवर अवलंबून आहे. मराठी मंडळाच्या सभागृहात ‘आमच्या मुली आता बाइक चालवतात’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि यादी मात्र सहा फुटी पुरुषाच्या गाडीच्या मापानं बनवायची, हे चालणार नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातले दोन मला गंभीर वाटतात, म्हणून त्यांनाच जागा देते.

पहिला मुद्दा गटातल्याच एका दादानं मांडला. “तू हलकी फिरतेस, कारण आम्ही जड फिरतो. तुझा टायर बसला की तू आमचा पंप मागणार.” हा टोला नेमका आहे. कमी सामान म्हणून मिरवणारी काही माणसं खरोखरच दुसऱ्याच्या पेटीवर जगतात. आपल्या वारीचंच बघा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी खांद्यावर पताका आणि लहानशी पिशवी घेऊन चालतो, त्याचे आपण गोडवे गातो. पण दिंडीमागे ट्रक असतो. तंबू, पातेली, शिधा, वळकट्या त्यात असतात. म्हणून वारकरी फुकटा ठरतो का? नाही, कारण ते ओझं दिंडीचं असतं, आधी ठरवून, वर्गणी भरून, सगळ्यांचं मिळून. माझा आग्रह हाच आहे. सहा गाड्यांना सहा कॉम्प्रेसर, सहा स्टोव्ह आणि सहा प्रथमोपचार पेट्या कशाला? दोन पुरेत. कोण काय आणणार हे आधी लिहून ठरवा. आपल्या यादीत मात्र प्रत्येक वस्तू प्रत्येकानं आणायची असते. शेजारच्याकडे मागणं आपल्याला कमीपणाचं वाटतं, हे त्यामागचं खरं कारण. परदेशात येऊन आपण स्वावलंबी झालो याचा आपल्याला इतका अभिमान आहे की मीठ मागायचीही लाज वाटते.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. एक मैत्रीण म्हणाली, “गोऱ्या माणसानं अनोळखी दारावर थाप मारली तर त्याला कॉफी मिळते. आपल्या रंगाच्या माणसानं मारली तर पडदा सरकतो. आपण सगळं सोबत नेतो त्याला कारण आहे.” हे मी नाकारणार नाही. गावाबाहेरच्या विश्रांतिस्थळावर माझेच कागद तपासले गेले आणि शेजारच्या चार जर्मन गाड्यांकडे कोणी पाहिलं नाही, हे मी अनुभवलंय. अनोळखी माणसाचा चांगुलपणा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या युरोपियन लेखकांना हे क्वचितच दिसतं.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? अशा वेळी घडीच्या खुर्चीचा काही उपयोग होत नाही. पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, विम्याचा कागद, चालू फोन, भरलेली पॉवर बँक, रस्त्यावर मदत पाठवणाऱ्या वाहन क्लबचं सदस्यत्व आणि घरी कोणाला तरी रोज ठाऊक असलेला मार्ग, या गोष्टी उपयोगी पडतात. हे सगळं मिळून एक किलोही भरत नाही. आणि पडदा सरकलाच, तिथून निघून जावंसं वाटलंच, तर हलकी गाडी लवकर वळते. माझ्या मैत्रिणीचं भय खरं आहे. वजन हा त्याचा उपाय नाही, एवढंच मी म्हणते.

उरलेले मुद्दे थोडक्यात निकालात काढते. औषधं कमी करा असं मी कोणालाही सांगणार नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर जास्तच घ्या, वजन नगण्य असतं. सुरक्षेच्या कपड्यांना हात लावू नका. हेल्मेट, पाठीचं संरक्षण, घोट्यावरचे बूट हे सामानात धरायचेच नाहीत, ते गाडीचे भाग समजा. उकडतंय म्हणून जाकीट काढून पेटीत ठेवणारा आणि पेटीत कुकर नेणारा अनेकदा एकच माणूस असतो. आणि दातांचा ब्रश अर्धा कापून ग्रॅम वाचवणाऱ्या, तीनशे युरोंचं टायटॅनियमचं भांडं घेणाऱ्या हलकेपणाच्या भक्तांशीही माझं जमत नाही. तीही खरेदीच. कमी नेण्यासाठी जास्त खर्च होत असेल तर कुठेतरी चुकतंय.

मग मी काय नेते? गाडीवर काहीच न नेता फिरते असं कोणाला वाटू नये म्हणून सांगते. एक आठवड्याचं सामान, प्रवास कितीही आठवड्यांचा असो, हा माझा नियम. कपडे आणि लोकरीचा थर मिळून ३.२ किलो. तीन जोड, रोज रात्री एक धुवायचा. पावसाळी सूट आणि जादा हातमोजे १.३. जूनमध्येही नॉर्डकापला तापमान एक आकडी असू शकतं, तिथे काटकसर नाही. तंबू, स्लीपिंग बॅग आणि चटई ३.८. नॉर्वेत मोकळ्या रानात, राहत्या घरापासून दीडशे मीटरवर, तंबू ठोकायचा हक्क कायद्यानंच दिलाय, त्यामुळे हे वजन आपला खर्च वाचवतं. हत्यारं, पंक्चर किट, बाराव्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, क्लचची जादा केबल आणि चेनचं तेल २.२. फोन, चार्जर, पॉवर बँक ०.८. औषधं आणि साबण-पेस्ट १. स्टोव्ह, एक भांडं आणि मसाल्याची पुडी १. कागदपत्रं आणि कुलूप ०.७. एकूण १४ किलो, आणि पाणी न शिरणाऱ्या दोन मऊ पिशव्यांचं वजन धरून १७. जड हत्यारं खाली आणि पुढे, टाकीजवळ. स्लीपिंग बॅग मागे, कारण ती हलकी. टायरमध्ये मॅन्युअलमध्ये भारासाठी दिलेली हवा. मसाल्याच्या पुडीत काळा मसाला आणि हिंग आहे. मी मराठी आहे, संन्यासी नाही.

हे १७ किलो म्हणजे काही आदर्श नाही. कोणाचे १५ होतील, दोघांचे मिळून २५. ज्यांना गुडघ्याच्या त्रासामुळे जमिनीवर झोपता येत नाही त्यांनी तंबूच काढून टाकावा आणि कॅम्पिंगच्या लाकडी खोल्यांत राहावं. हिशोब ज्याचा त्याचा. पण हिशोब असावा.

थोडं आमच्या पिढीबद्दल. आम्ही संशोधक मंडळी दोन-दोन वर्षांच्या करारांवर जगतो. सहा वर्षांत मी चार घरं बदलली, दर वेळी अर्धं सामान टाकलं. त्यामुळे काही जण म्हणतात, हिला हलकं फिरणं सोपं, हिच्याकडे आहेच काय. तर ऐका. ज्यांना दर दोन वर्षांनी उठावं लागतं त्यांनाच वस्तूंचा मोह जास्त असतो, कारण वस्तू म्हणजे टिकून राहिल्याचा पुरावा. सक्तीनं हलकं होणं वेगळं आणि ठरवून हलकं होणं वेगळं. पहिल्यात अपमान असतो. दुसऱ्यात हातात मोकळी जागा येते. वाटेत भेटलेल्याचा फाटलेला बूट शिवायला, एखाद्या गावात एक दिवस जास्त थांबायला, रस्ता खराब निघाला तर मागे फिरायला. लादलेली गाडी असली की माणूस रस्ता निवडत नाही, गाडीला झेपेल तोच रस्ता घेतो.

म्हणून गटातल्या ज्येष्ठांना माझी जाहीर विनंती आहे, आणि अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आखातात असे गट चालवणाऱ्या वाचकांनाही. ‘सोबत आणायच्या वस्तू’ ही यादी रद्द करा. तिच्याजागी पत्रकात तीनच ओळी घाला. एक, आपल्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा काय आणि सर्व धरून आपलं वजन किती भरतं, ते निघण्यापूर्वी आठ दिवस कळवा. दोन, सामाईक वस्तू कोण आणणार ते नावानिशी ठरवा. तीन, कुठल्याही सीसीची गाडी चालेल. शेवटची ओळ ठळक अक्षरांत छापा. त्या तिघींना मी ती स्वतः पाठवीन.